33 नंबरचं दार: डिस्नीलँडचा खासगी क्लब आणि जुनं डिस्नीलँड, पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइम शहरातल्या डिस्नीलँडमध्ये न्यू ऑर्लिन्स स्क्वेअर नावाचा भाग आहे. तिथल्या रॉयल स्ट्रीटवर, ब्लू बायू या रेस्टॉरंटच्या प्रवेशाजवळ एक साधं दार दिसतं आणि त्याच्या बाजूला एक आकडा: 33. दिवसभरात हजारो माणसं या दारावरून जातात आणि बहुतेकांचं तिकडे लक्षही जात नाही. ज्यांना ठाऊक असतं ते थांबून फोटो काढतात. हा क्लब 33. त्याच्या वरच्या मजल्यावर जायला सभासद व्हावं लागतं किंवा सभासदाचा पाहुणा.

सिलिकॉन व्हॅलीत किंवा लॉस एंजेलिसच्या आसपास नोकरीला आलेल्या मराठी कुटुंबांत हा विषय साधारण दुसऱ्या-तिसऱ्या डिस्नी फेरीच्या वेळी निघतो. कोणाच्या तरी ऑफिसातला वरिष्ठ तिथे जेवून आलेला असतो आणि मग "आपल्याला मिळेल का?" हा प्रश्न येतो. उत्तर देण्याआधी तिथे नक्की काय आहे ते समजून घेतलेलं बरं, कारण या क्लबची ओढ जेवणापेक्षा जास्त त्याच्या जुनेपणाची आहे. आणि त्या जुनेपणाचा मोठा वाटा दाराबाहेर, साध्या तिकिटात पाहायला मिळतो.

सर्वात आधी एक गोंधळ दूर करू. डिस्नीलँड कॅलिफोर्नियात आहे, 17 जुलै 1955 ला सुरू झालेलं. वॉल्ट डिस्ने वर्ल्ड फ्लोरिडात आहे, 1971 पासूनचं. भारतातून येणाऱ्या आईबाबांसाठी घाईत तिकिटं काढताना लोक भलत्याच किनाऱ्याची तिकिटं काढून बसतात. वॉल्ट डिस्नेच्या हयातीत उभं राहिलेलं पार्क फक्त कॅलिफोर्नियातलं आहे. 15 डिसेंबर 1966 ला ते वारले, फ्लोरिडाचं पार्क त्यांनी पाहिलंच नाही. जुन्या आठवणींसाठी जायचं असेल तर अ‍ॅनाहाइमलाच जा.

क्लब आला कुठून

1964 आणि 1965 साली न्यूयॉर्कमध्ये जागतिक प्रदर्शन भरलं होतं. डिस्नेच्या मंडळींनी तिथे चार मोठे खेळ उभे केले: फोर्डसाठी, जनरल इलेक्ट्रिकसाठी, पेप्सी आणि युनिसेफसाठी, आणि इलिनॉय राज्यासाठी. मोठ्या कंपन्यांनी त्या प्रदर्शनात आपल्या खास पाहुण्यांसाठी बंद दालनं ठेवली होती. बाहेर गर्दी आणि ऊन, आत गालिचा, खुर्ची आणि शांतता. पार्कला पैसा पुरवणाऱ्या प्रायोजकांना बसवायला आपल्याकडेही अशी जागा हवी, हे वॉल्टनी तिथे हेरलं. न्यू ऑर्लिन्स स्क्वेअर 1966 च्या जुलैत खुला झाला, क्लब 1967 मध्ये. म्हणजे ज्यांनी तो योजला त्यांना तो चालू झालेला बघायला मिळाला नाही. क्लबबद्दल बोलताना जुन्या चाहत्यांचा आवाज हळवा होतो, त्याचं निम्मं कारण हे आहे.

33 का? अधिकृत उत्तर सरळ आहे: पत्ता, 33 रॉयल स्ट्रीट. सुरुवातीला 33 प्रायोजक होते म्हणून, किंवा आकडा आडवा केला की मिकीचे कान दिसतात म्हणून, अशा कथाही तुम्हाला ऐकायला मिळतील. त्या गप्पांपुरत्या ठेवा.

आतल्या वस्तूंपैकी तीन गोष्टी जाण्याआधी माहीत असाव्यात. पहिली, लिफ्ट. पॅरिसच्या एका हॉटेलातली जुनी लिफ्ट वॉल्टना फार आवडली. मालक विकेना, म्हणून माप घेऊन तशीच बनवून घेतली. 2014 च्या नूतनीकरणात तिची ये-जा थांबली आणि तिच्यात बसायची जागा करण्यात आली. दुसरी, हार्पसिकॉर्ड हे पियानोच्या घराण्यातलं, रंगवलेल्या झाकणाचं वाद्य. ते शेकडो वर्षं जुनं असल्याचं लोक छातीठोकपणे सांगतात. प्रत्यक्षात ते वॉल्टच्या पत्नी लिलियन यांच्यासाठी मुद्दाम घडवून घेतलेलं आहे. तिसरी आज राहिलेली नाही. ट्रॉफी रूम नावाच्या जेवणाच्या खोलीत झुंबरांमध्ये मायक्रोफोन बसवलेले होते. जेवणाऱ्यांचं बोलणं ऐकून यांत्रिक गिधाडानं उत्तर द्यावं, अशी कल्पना होती. ती पूर्णपणे कधी अमलात आली नाही आणि ती खोलीही नूतनीकरणात गेली.

रस्ता पहिला: पाहुणा म्हणून

नव्या माणसासाठी हाच खरा रस्ता. आपल्याकडच्या जिमखान्याची रीत आठवा: सभासद नाव घालतो, पाहुण्याच्या वागण्याची जबाबदारी सभासदावर. इथेही तसंच आहे, फक्त शिक्षा कडक. पाहुण्यानं गोंधळ घातला तर सभासदत्व धोक्यात येतं. म्हणून सभासद माणसं ओळखीच्या ओळखीतल्यांना सहसा नेत नाहीत आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

ओळख शोधायची असेल तर सुरुवात ऑफिसातून करा. क्लबची सुरुवातच कंपन्यांसाठी झाली आणि कंपन्यांच्या नावावरची सभासदत्वं आजही असतात. तुमच्या कंपनीत किंवा तिच्या मोठ्या ग्राहकाकडे ते आहे का, हे प्रशासन विभागाला एकदा विचारायला हरकत नाही. "नाही" आलं तर विषय तिथेच सोडा. दाराशी उभं राहून आत जाणाऱ्यांना "आम्हालाही न्याल का?" असं विचारणं अगदी वाईट दिसतं आणि त्यातून काही साधतही नाही.

आमंत्रण आलं तर पुढचं सगळं क्रमानं करा.

आधी पैशाचं स्पष्ट बोलून घ्या. पार्कचं तिकीट कोणाचं, जेवण कोणाचं, मद्य कोणाचं, टिप कोणाची. सभासदत्वाच्या वर्गणीत जेवण धरलेलं नसतं, प्रत्येक बिल वेगळं येतं. काही पाहुण्यांच्या पार्क-प्रवेशाची सोय सभासदाला असते, पण ती मर्यादित असते, म्हणून गृहीत धरू नका. अमेरिकेत बिलाच्या 18 ते 20 टक्के टिप हा रिवाज आहे. यजमान बिल देत असेल तर निदान टिपेचं विचारा.

मग खाण्याचं. क्लबचा स्वयंपाक फ्रेंच वळणाचा आहे. त्यात लोणी भरपूर, आणि भाजीच्या सुपातसुद्धा मांसाचा अर्क असू शकतो. "व्हेजिटेरियन" एवढं सांगून भागत नाही. अंडं चालतं का, मासे चालतात का (तिकडे मासे खाणाराही स्वतःला जवळजवळ शाकाहारी म्हणवतो), मांसाच्या पाण्यात शिजवलेलं चालतं का, कांदा-लसूण चालतो का, हे बुकिंग होतानाच यजमानाकरवी कळवा. टेबलावर बसल्यावर सांगितलं तर आचारी काहीतरी करून देतो, पण मग ताटात भाजलेली फ्लॉवर येते आणि दोन्ही बाजूंना अवघडल्यासारखं होतं.

कपडे नीटनेटके हवेत. फाटक्या जीन्स, बिनबाह्यांचे बनियनवजा शर्ट, व्यायामाचे कपडे, डोक्यावर टोपी हे चालत नाही. साडी, कुर्ता, सलवार-कमीज उत्तम. पण पायात रोजच्या सवयीचेच बूट असू द्या, कारण क्लबमध्ये दोन तास बसाल आणि पार्कात आठ तास चालाल. साडी नेसून राइडमध्ये बसायचं असेल तर पदर खोचून घ्या आणि निऱ्या वर धरा. पायरेट्स ऑफ द कॅरिबियन या राइडमध्ये होडीच्या तळाशी पाणी असतं.

वेळेच्या पंधरा मिनिटं आधी पोचा आणि सभासदाचं नाव सांगा. 33 आकड्याच्या जुन्या दाराशी थांबू नका. 2014 पासून प्रवेश शेजारच्या अंगणातून आहे, त्याबद्दल पुढे सांगतोच. 21 वर्षांच्या आतल्यांना मद्य नाही, आणि केस पिकलेल्यांनाही ओळखपत्र मागतात, म्हणून भारतातून आलेल्यांनी मूळ पासपोर्ट जवळ ठेवावा. फोनवर बोलायचं नाही. आपल्या टेबलाचा, ताटाचा फोटो काढायचा तर यजमानाला विचारून काढा. दुसऱ्या टेबलावरची माणसं फोटोत येता कामा नयेत, मग ती ओळखीचे चेहरे असोत वा नसोत. आठवण म्हणून क्लबचं चिन्ह असलेली वस्तू विकत मिळते का, हे यजमानानं आपणहून विचारलं तरच बोला. अशा वस्तू बाहेर चढ्या भावानं विकल्या जातात, त्यामुळे सभासद या बाबतीत फार जपून असतात.

रस्ता दुसरा: सभासद होणं

हे थोडक्यात सांगतो, कारण फार थोड्यांच्या कामाचं आहे. तिकिटांसारखं बटण दाबून सभासद होता येत नाही. इच्छा कळवायची, प्रतीक्षा यादीत नाव लागलं तर वाट बघायची. ही वाट वर्षांची असते, काहींनी दहा-दहा वर्षं बघितली आहे. दर उघडपणे छापले जात नाहीत. 2012 मध्ये वर्तमानपत्रांत आलेले आकडे असे होते: प्रवेशाचे 25,000 डॉलर आणि दर वर्षाचे 10,000. पुढे सभासदत्व काढून घेतलेल्या एका दांपत्यानं कंपनीवर दावा लावला, त्यात वार्षिक वर्गणी 31,500 डॉलर असल्याचं समोर आलं. रुपयांत पंचवीस लाखांच्या वर, दर वर्षी. 2024 मध्ये ज्युरीनं निकाल कंपनीच्या बाजूनं दिला. लाखो डॉलर भरले तरी दार आपल्या मालकीचं होत नाही, क्लबच्या नियमांत राहूनच ते उघडं राहतं, हे या खटल्यातून उमेदवारानं लक्षात घ्यावं.

कोणी सभासदत्व "ट्रान्सफर" करून देतो किंवा क्लबमधल्या जेवणाच्या जागा विकतो म्हणाला तर पैसे देऊ नका. पाहुण्याची जागा विकणं नियमाविरुद्ध आहे, आणि दाराशी पोचल्यावर नाव यादीत नसलं तर तक्रार करायला कोणी उरत नाही.

वर्गणीत काय मिळतं? रॉयल स्ट्रीटवरची बैठक आणि जेवण. शेजारच्या कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचर पार्कात 1901 नावाचा सभासदांचा लाउंज (वॉल्टचं जन्मवर्ष 1901). शिवाय पार्कात गर्दीतून अलगद बाजूला होऊन बसण्याची सोय, आणि आमच्या मते सगळ्यात मोलाची हीच. टोकियो डिस्नीलँडमध्ये 1983 पासून वेगळा क्लब 33 आहे, शांघायमध्ये 2016 पासून, फ्लोरिडातही अलीकडे झाले. पण 1967 चा एकच.

पूर्वी क्लबचं आणखी एक मोठं आकर्षण होतं: डिस्नीलँडमध्ये मद्य मिळणारी ती एकमेव जागा होती. 2019 मध्ये स्टार वॉर्सच्या भागात सर्वांसाठी कँटीना उघडली, 2021 पासून ब्लू बायूतही मद्य मिळतं. तेवढ्यासाठी कोणी क्लबच्या मागे लागत असेल तर आता गरज उरलेली नाही.

जे सर्वांचं होतं ते आत गेलं

त्या अंगणाविषयी. कोर्ट ऑफ एंजल्स हे रॉयल स्ट्रीटला लागून असलेलं छोटं, हिरवं अंगण. वळणदार जिना, कुंड्या, नाताळात दिव्यांच्या माळा. अनेक वर्षं ते सगळ्यांसाठी मोकळं होतं. लोक तिथे लग्नाची मागणी घालायचे, दर वर्षी मुलांना त्याच पायरीवर बसवून फोटो काढायचे. नूतनीकरणात ते क्लबचं प्रवेशांगण झालं आणि सर्वसामान्यांना बंद झालं. आता बाहेरून दारं दिसतात, जिना नाही. जुन्या लोकांना याचं वाईट वाटतं आणि ते रास्त आहे. क्लब पहिल्या दिवसापासून बंदच होता, त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. हातात असलेली जागा गेली, हे लागलं. तुमच्याबरोबर वीस वर्षांपूर्वी येऊन गेलेलं कोणी असेल तर त्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते जिना शोधत फिरतील.

रस्ता तिसरा: साध्या तिकिटात जुनं डिस्नीलँड

आता मुख्य काम. क्लबची कल्पना ज्या न्यूयॉर्कच्या प्रदर्शनातून आली, त्याच प्रदर्शनातल्या कितीतरी गोष्टी अ‍ॅनाहाइमला आल्या आणि त्या सगळ्यांसाठी उघड्या आहेत. एका दिवसात त्या बघता येतात, पण क्रम चुकला की अर्ध्या राहतात.

*60 दिवस आधी.* ब्लू बायूचं टेबल धरा. क्लबच्या शेजारचं, 1967 चंच हे रेस्टॉरंट पायरेट्स ऑफ द कॅरिबियन या राइडच्या आतच आहे. बाहेर भर दुपार असली तरी इथे कायम संध्याकाळ, कंदील, आणि बाजूनं होड्या जातात. आरक्षण 60 दिवस आधी खुलं होतं आणि पटकन संपतं. पुण्याहून बुक करत असाल तर कॅलिफोर्निया उन्हाळ्यात साडेबारा तास आणि हिवाळ्यात साडेतेरा तास मागे, हे धरून चला. जागा मिळाली नाही तर रोज बघत राहा, कारण बेत बदलणारे लोक आदल्या एक-दोन दिवसांत टेबलं सोडतात. तुम्हीही रद्द करणार असाल तर मुदतीत करा, नाहीतर माणशी दंड लागतो. त्या दिवशीही डिस्नीलँडच्या अ‍ॅपमधून आयत्या वेळची यादी कधीकधी खुली होते.

*तिकीट.* तारीख नक्की करूनच काढा, किंमत दिवसागणिक बदलते. तीन वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, दहा वर्षांपासून मोठ्यांचं तिकीट. ज्याचं तिकीट त्यालाच चालतं, दारात फोटो घेतात.

*सकाळी, उघडण्याच्या अर्धा तास आधी.* दारं बहुधा थोडी लवकर उघडतात आणि मेन स्ट्रीटवर फिरता येतं. सगळे राइडच्या दिशेनं धावतात, तुम्ही थांबा. हा रस्ता म्हणजे 1900 च्या सुमारासचं अमेरिकन गाव, वॉल्टच्या लहानपणातल्या मार्सेलीन या मिसूरीतल्या गावाची आठवण मनात ठेवून केलेलं. वरचे मजले खालच्यापेक्षा लहान मापाचे आहेत, त्यामुळे इमारती उंच भासतात. मजल्यांवरच्या खिडक्यांत दुकानांच्या पाट्यांसारखी नावं रंगवलेली आहेत. ती पार्क घडवणाऱ्या माणसांची आहेत. दुपारी गर्दीत मान वर करून वाचता येत नाही, म्हणून सकाळीच.

*मग आगगाडी.* मेन स्ट्रीट स्टेशनवरून पूर्ण फेरी मारा, सुमारे वीस मिनिटं. उतरायची घाई करू नका. टुमारोलँड स्टेशननंतर बोगद्यात ग्रँड कॅन्यनचा देखावा आणि त्यापुढे डायनोसॉर लागतात. हे डायनोसॉर न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात फोर्डच्या दालनातले. न्यू ऑर्लिन्स स्क्वेअरला बसून टुमारोलँडला उतरणाऱ्यांचा हा भाग नेमका चुकतो. गाडीला लाल रंगाचा, पडद्यांचा एक देखणा डबा जोडलेला दिसला तर तो लिलियन यांच्या नावाचा 'लिली बेल'. साध्या प्रवाशांना त्यात बसवत नाहीत, फलाटावरून बघून घ्या.

*दुपारपर्यंत.* इट्स अ स्मॉल वर्ल्ड हा त्याच प्रदर्शनातला पेप्सी-युनिसेफचा खेळ, 1966 पासून इथे. भारताच्या भागात ताजमहाल आहे, मुलांना शोधायला सांगा. इलिनॉयसाठी केलेला बोलणारा लिंकन मेन स्ट्रीटच्या ऑपेरा हाउसमध्ये 1965 मध्ये आला. 2025 मध्ये त्याच जागी वॉल्टचा बोलणारा यांत्रिक पुतळाही आला, म्हणून कोणता खेळ कधी आहे ते अ‍ॅपवर बघून जा. ऊन चढलं की टिकी रूम, म्हणजे गाणाऱ्या यांत्रिक पक्ष्यांचा खेळ (1963), आणि मार्क ट्वेन बोट (1955). बोट अंधार पडायच्या आधी थांबते, संध्याकाळवर ढकलू नका. ज्येष्ठांना या सगळ्या जागा मानवतात, पाठीला हिसका कुठेच नाही. चालणं जड जात असेल तर प्रवेशाजवळ व्हीलचेअर भाड्यानं मिळते. दुपारी दमल्यावर घेण्यापेक्षा सकाळीच घ्या.

*ब्लू बायू.* पाण्याकाठचं टेबल आधी धरता येत नाही. पोचल्यावर मागा आणि लागेल तो वेळ थांबायची तयारी ठेवा. पाऊण तास जास्त गेला तरी चालेल, कारण मधल्या टेबलावरून होड्या नीट दिसत नाहीत आणि निम्मी गंमत जाते. जेवणाआधी पायरेट्समधून एक फेरी मारली असेल तर आपण कुठे बसणार ते होडीतूनच दिसतं. वॉल्टच्या देखरेखीखाली तयार झालेल्या शेवटच्या मोठ्या राइडपैकी ही एक.

बाहेर आलात की पायरेट्सच्या प्रवेशावरच्या सज्ज्याकडे बघा. लोखंडी जाळीत डब्ल्यूडी आणि आरडी ही अक्षरं गुंफलेली आहेत, वॉल्ट आणि थोरले भाऊ रॉय. या मजल्यावर त्यांचं राहतं घर व्हायचं होतं, ते राहून गेलं. आता त्या जागी बारा जणांपर्यंतच्या गटासाठी खासगी जेवण मांडतात. 2017 मध्ये ते सुरू झालं तेव्हा दर 15,000 डॉलर होता.

जेवणाचं टेबल मिळालंच नाही तर चौकातल्या छोट्या खिडकीवर मिंट ज्युलेप मिळतं. पुदिन्याचं, लिंबाच्या अंगाचं, बिनमद्याचं थंड पेय. सोबत मिकीच्या आकाराचे साखर भुरभुरवलेले तळलेले बेन्ये. अंडं न खाणाऱ्यांनी आधी विचारून घ्या. ते घेऊन न्यू ऑर्लिन्स स्क्वेअरच्या स्टेशनावर जा आणि कान द्या. रुळांपलीकडच्या तारघरातून कट्ट-कड-कट्ट असा आवाज सतत येत असतो. पार्कच्या उद्घाटनाच्या दिवशी वॉल्टनी केलेल्या भाषणाच्या सुरुवातीच्या ओळी तारेच्या लिपीत वाजत असतात. आपल्याकडच्या निवृत्त तारमास्तरांपैकी कोणी बरोबर असेल तर त्यांना आधी काही सांगू नका, नुसतं तिथे उभं करा. (लिपी जुनी अमेरिकन आहे, त्यामुळे अक्षरं जुळली नाहीत तरी हाताची लय त्यांना ओळखू येईल.)

*रात्री बाहेर पडताना.* आतषबाजी संपली की सगळी गर्दी एकदम मेन स्ट्रीटवर येते. पंधरा-वीस मिनिटं बाकावर बसून राहा. मग स्टेशनाकडे तोंड करून चौकात आलात की उजव्या हाताला अग्निशमन केंद्र लागेल. त्याच्या वर वॉल्टचं छोटं घर आहे, जेमतेम 500 चौरस फुटांचं. पार्क बांधलं जात असताना आणि नंतरही ते इथे मुक्काम करत. आतून बघायचं तर काही मार्गदर्शित सहलींत ते दाखवतात, त्या वेळी चालू आहेत का ते महिनाभर आधी बघा. पण दर्शनी खिडकीतला दिवा रस्त्यावरूनच दिसतो. ते असताना तो लागलेला असायचा, आणि ते गेल्यापासून त्यांच्या आठवणीसाठी तेवत ठेवलेला आहे. फोटो काढताना फ्लॅश बंद करा, नाहीतर काचेवर तुमचाच उजेड येतो आणि दिवा दिसत नाही.